रुख्मिणी उठली तिथे कात्री

मी, खुशालराव तुळशीराम ताथोड, वय एकाहत्तर, राहणार तेल्हारा, जिल्हा अकोला, धंदा लग्नाची व्हिडिओ शूटिंग, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय लिहितो. दबाव आणायला घरात कोणी असतं तर बरंच झालं असतं.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझा एकुलता मुलगा किशोर याला द्यावी. तो पुण्यात असतो. घर खुशाल विकावं, पण कलम ५ पूर्ण झाल्यावर.

२. कॅमेरे मिक्सिंगवाल्या कुर्बानभाईला द्यायचे होते. माझ्या शूटिंगला गाणी, आवाज, नक्षीच्या चौकटी लावायचं काम जन्मभर अकोल्यात त्यानेच केलं. वकीलसाहेब म्हणाले, साक्षीदाराच्या नावे काही लिहू नका. कुर्बानभाई म्हणाला, "कॅमेरा घेऊन काय करू भाऊ? त्यापरीस साक्षीदारच होतो मी. दुसरं कोण हाय तुमाले?" खरं बोलला, म्हणून राग आला. कॅमेरे त्याच्या मुलीला, माहेनूरला द्यावेत. तिचा हात स्थिर आहे. फक्त रडणाऱ्या नवरीला तिने बापासारखं बदामाच्या आकाराच्या चौकटीत बसवू नये. ते मी अजून विसरलो नाही.

३. माझे साळेबुवा म्हणायचे, "हे काय काम हाय, लोकायच्या लग्नात फिरनं!" त्यांना त्यांच्याच लग्नाची कॅसेट द्यावी. बसतील रडत.

४. माझी बायको रुख्मिणी हिने कधी कॅमेरा हातात धरला नाही, पण माझी प्रत्येक कॅसेट तिनेच कापली. लग्नघरी देण्याआधी मी ती समोरच्या खोलीत तिला दाखवायचो. ती पाटावर बसून भाजी निवडत पाहायची. जिथे ती उठून चुलीकडे गेली तिथे माझी कात्री. "काहून उठली?" विचारलं की म्हणायची, "मले काय मालूम? उठावं वाटलं, उठले." नवरदेवाचे मामे, आहेराच्या रांगा, सगळे असेच गेले. पाठवणीला मात्र ती कधी उठली नाही. ती नेमकी कुठे उठते ते कळावं म्हणून मी टीव्हीशेजारी दुसरा कॅमेरा लावून तिलाच टिपू लागलो. ती वारल्यावर माझ्याकडे तिचं तेवढंच उरलं.

५. त्यातून मी एक फिल्म केली आहे. लग्नाची सनई, मंगलाष्टकं, पंगतीतला गलका नुसता ऐकू येतो आणि पडद्यावर फक्त ती, पाहत बसलेली. मधे जुने फोटो, कापूस वेचून झालेली वावरं. आवाज सगळे कुर्बानभाईने तुकड्यातुकड्यांनी बसवले, सलग फिल्म त्यानेही पाहिली नव्हती. पण फिल्म फार लांबली. कापू कुठे? उठणारी राहिली नाही. किशोरला सांगितलं तर म्हणाला, "बाबा, लिंक पाठवा न, पाहून घेतो." पाठवली. कोणी कितपत पाहिलं ते मला इथे दिसतं. त्याने बंद केली तेव्हा सुरुवातीची सनईसुद्धा संपली नव्हती.

म्हणून अट अशी : किशोर आणि सूनबाई प्रणाली यांनी समोरच्या खोलीत, तिच्या जागी बसून फिल्म पाहावी. मोबाइल बाहेर. जिथे उठावंसं वाटेल तिथे उठावं, लाजू नये. तेवढं कुर्बानभाई कापेल, उरेल ती फिल्म. लगेच उठलात तर काहीच उरणार नाही, तेही मला मान्य. पण या. एकदा येऊन बसा रे बापा.

६. कुर्बानभाई सही करेना. "अख्खी पाह्यल्याशिवाय कशाची सही करू?" म्हणून काल दोन्ही साक्षीदारांना फिल्म दाखवली. शेजारच्या पौर्णिमाताई वावरं सुरू झाली तशा चहा ठेवायला उठल्या. ती वावरं मी आज सकाळीच कापली. बऱ्याच वर्षांनी कुठे कापायचं ते कळलं, बरं वाटलं. कुर्बानभाई जागचा हलला नाही. मग पडद्यावर रुख्मिणी उठून चुलीकडे गेली, आणि तिचा रिकामा पाट आणि अर्धवट निवडलेली मेथी तेवढी दिसत राहिली. तेव्हा कुर्बानभाई उठून अंगणात गेला, तो फिल्म संपेपर्यंत आत आला नाही.

कलम ५ मध्ये काहीही लिहिलेलं असो, तो पाट कापायचा नाही.

सही : खुशालराव तुळशीराम ताथोड

खुशालरावांनी सही केली, ती आम्ही दोघांनी त्यांच्या समोर बसून पाहिली.

साक्षीदार :
शेख कुर्बान शेख चांद, अकोला
सौ. पौर्णिमा गजानन फोकमारे, तेल्हारा

ठिकाण : तेल्हारा, समोरची खोली
दिनांक : ११ जानेवारी २०२५