सोबत झोपणाऱ्या व्यक्तीने भरावे

२० जानेवारी, सोमवार

आज रुबिनाशी खोटं बोलले.

शाळेच्या रस्त्यावरची कुंभारी मागं पडली होती. पुढं उसाची ट्रॉली. रुबिना स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून नेहमीसारखं लेकीचं सांगत होती. चार वर्षांची आयेशा, तिनं म्हणे आजीच्या पानाच्या डब्यात खडू भरून ठेवले. इथपर्यंत आठवतं. त्यानंतर एकदम उसाचे शेंडे तोंडासमोर. मधला भाग नाहीच. रुबिना ओरडली, "आपा!" आणि हातानं आपोआप ब्रेक दाबला. गाडी खडीवर उतरून थांबली.

म्हणाले, कुत्रं आडवं आलं.

"कुत्ता? किधर था? मेरेकू तो नै दिखा."

"गेलं शेतात."

तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. वळसंगला शाळेत पोचल्यावर साऱ्या स्टाफरूमला सांगितलं, आपांनी किती शिताफीनं कुत्रं वाचवलं. मी ऐकून घेतलं. एका सरांनी टाळीही दिली.

रात्री साडेनऊला आडवी होते, साडेपाचला उठते. आठ तास. घरात लहान मूल नाही, आजारी माणूस नाही. आठ तास झोपून जिला भर रस्त्यात झोप लागते, त्या बाईला काय म्हणायचं?

२१ जाने., मंगळ

नियम केलेत. डब्यात भात बंद. नऊलाच दिवा बंद. गार पाण्यानं आंघोळ. गाडीवर बसताना तोंडात लवंग.

आठवी ब ला समीकरणं घालून दिली आणि खुर्चीत बसले. डोळे उघडले तेव्हा वर्ग इतका शांत, की भीती वाटली. सगळी पोरं वहीत तोंड खुपसून. पहिल्या बाकावरची एक शेजारणीला दटावत होती, "हळू की गं, बाई उठतील."

हसली असती तर बरं झालं असतं.

आळशी. आईनं हा शब्द माझ्यासाठी कधी वापरला नाही. मीच वापरते आहे.

२३ जाने., गुरु

रु. ला सांगितलं, गाडी सर्व्हिसिंगला टाकलीय. दुसरं खोटं. गाडी जिन्याखाली, चादर टाकून.

वाटलं होतं ती आपली वेगळी सोय बघेल. "मग मी पण बसनं येते की!" एसटीत कशीबशी दोघींना जागा मिळाली. कुंभारी कधी आली ते कळलं नाही. वळसंगला तिनं उठवलं तेव्हा मी तिच्या खांद्यावर होते. ती माझ्याकडे अशी बघत होती की...

"काय झालं गं?"

"कुछ नै."

दिवसभर गप्प होती. लाळ गळाली असेल. झोपेत बोलले असेन काही. बस उशिरा पोचली म्हणून मुख्याध्यापकांनी दोघींच्या नावापुढं लाल खूण केली. तिची ही पहिलीच. माझ्यामुळं.

गाडीवर कसं, ती मागून बोलत असते, मी नुसतं हं हं करते. शाळा आणि घर यांच्यामध्ये तेवढंच. अख्ख्या दिवसात मला कुणी 'आपा' म्हणतं ते तेवढ्याच पंचवीस किलोमीटरवर. हे लिहिताना कळतंय, की खरं का सांगत नाही ते.

२७ जाने., सोम

बी.पी.च्या डॉक्टरांनी झोपेच्या डॉक्टरांकडं पाठवलं. झोपेचे वेगळे डॉक्टर असतात हे माहीत नव्हतं. तरुण आहेत. सकाळी डोकं जड असतं का? तोंडाला कोरड? रात्री लघवीला किती वेळा? मेडिकलमधून आणलेल्या झोपेच्या गोळ्या मी होऊन दाखवल्या. "या आधी बंद करा. यांनी घसा आणखी सैल पडतो."

मग विचारलं, "घोरता का? मिस्टर काय म्हणतात?"

"मिस्टर नाहीत."

"घरात दुसरं कोण?"

"आई होती. दोन वर्षं झाली."

पेन जरा थांबलं. "बरं. हा फॉर्म न्या, जमेल तेवढा भरा." दोन पानं. दुसऱ्यावर ठळक छापलंय : सोबत झोपणाऱ्या व्यक्तीने भरावे.

गाडी चालवताना डुलकी लागलीय का, तेही विचारलं. म्हणाले, एकदा. बाहेर आले. जिना उतरले. खालच्या पायरीवरून परत वर. कंपाउंडर म्हणे, "मॅडम, तुमचा नंबर झाला की." दारातूनच सांगितलं, "डॉक्टर, एकदा नाही. चारदा."

त्यांनी मान वर केली. "मग गाडी बंद. मी सांगेपर्यंत. मागं कुणी बसतं?"

"हो."

"त्यांना माहितीय?"

२८ जाने., मंगळ

दुसरं पान. आवाज बंद दाराबाहेर ऐकू जातो का? श्वास मध्येच थांबतो का? गुदमरल्यासारखं होऊन उठतात का? पुढं चौकोन : कधीच नाही, कधीकधी, रोज.

आई शेजारच्या कॉटवर वीस वर्षं झोपली. पण तिला ऐकू येत नव्हतं. रोज रात्री आपला हात लांब करून माझ्या पांघरुणावर थोपटायची, "मलक्को." कानडीत, झोप म्हणून. मी झोपायचे. ती बघत असेल का मग? तिला काही दिसलं असेल का?

अंदाजानं भरणं म्हणजे खोटं भरणं. सांगोल्याला वहिनीला फोन केला.

"वहिनी, एक विचारू? मी घोरते का?"

आधी नुसतं हसली. मग, "आता इचारलंच म्हनून सांगते वन्सं. लई. आमच्या पिंकीच्या लग्नात बायकांनी हातरुनं उचलून गच्चीवर न्हेली हुती की."

"मला वाटलं गार वाऱ्याला गेल्या."

"गार वाऱ्याला! माघाचा म्हैना हुता."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुमी शिकलेल्या, मास्तरीनबाई. वाईट वाटंल म्हनून. आन् आवाजाचं काय न्हाय ओ, पर मदीच बंद पडतो. एकडाव मी तुमच्या नाकाशी बोट धरून बघितलं हुतं."

"मग?"

"मग काय, आला की परत. मी झोपले."

चौकोनात खूण केली : रोज. खाली वहिनीचं नाव. नाव जरा जास्तच दाबून लिहिलं, राग आला होता की काय कोण जाणे.

२९ जाने., बुध

कुठं कुठं झोपले ते आठवत बसले दुपारी. प्रशिक्षणाच्या वसतिगृहातल्या दोघी पहिल्या रात्रीनंतर दुसऱ्या खोलीत गेल्या होत्या, इथला पंखा चालत नाही म्हणून. पंखा चालत होता. सहलीला मुलींच्या खोलीत मला एका कोपऱ्यात जागा ठेवायच्या, "बाई, इथं तुम्हाला निवांत." मावशीकडं, आत्याकडं. सगळ्यांनी किती जपून, किती प्रेमानं मला बाजूला केलं. पंचवीस वर्षं.

मी रु. ला जे सांगितलं तेही याच जातीचं. मग राग कशाचा?

३१ जाने., शुक्र

रात्री घरीच तपासणी. बोटाला चिमटा, नाकाशी नळी, छातीला पट्टा, मनगटावर छोटी डबी. सकाळी नेऊन दिलं. कंपाउंडरनं विचारलं, झोप लागली का? म्हटलं, नेहमीसारखी. कित्येक महिन्यांनी कुणीतरी हे विचारलं. त्याचं कामच आहे ते, तरी.

१ फेब्रु., शनि

तासाला एकेचाळीस वेळा श्वास थांबतो.

डॉक्टरांनी कागदावर रेघ दाखवली, दातेरी. "मॅडम, रात्रभर तुम्ही उठत होतात. तुम्हाला कळत नव्हतं एवढंच. यात बी.पी. चढणार, डोकं दुखणार, गाडीवर डोळा लागणार. दुसरं काय होणार?"

"म्हणजे आळस नाही?"

ते हसले नाहीत. "आळशी माणूस इतके कष्ट घेतो होय रात्रभर?"

तिथंच रडू आलं. मला न विचारता त्यांनी पंखा वाढवला.

यंत्र लावायचं. नाकावर मास्क, हवेच्या दाबानं घसा उघडा राहतो. वजन कमी करायचं, कुशीवर झोपायचं. गाडी महिनाभर तरी नाही.

३ फेब्रु., सोम

बसथांब्यावर सांगितलं. दुसरीकडं कुठं एकांत नसतो.

"रुबिना, त्या दिवशी कुत्रं नव्हतं."

"फिर क्या था, बकरी?" हसत होती.

"काहीच नव्हतं. मला झोप लागली होती."

हसू तसंच राहिलं चेहऱ्यावर थोडा वेळ. मग, "याआधी कधी?"

"तीनदा. त्यातल्या दोनदा तू मागं होतीस."

बस आली. चढायच्या आधी एवढंच म्हणाली, "माझी आयेशा चार वर्षांची आहे, आपा." इतकं स्वच्छ मराठी ती माझ्याशी कधी बोलत नाही. तसं ती शिक्षणाधिकाऱ्यांशी बोलते.

बसमध्ये पुढं जाऊन उभी राहिली. माझ्या शेजारची जागा रिकामी होती.

५ फेब्रु., बुध

ती आता विज्ञानाच्या सरांच्या कारनं येते. त्यांच्या मिसेसही असतात. चांगलं आहे, सुरक्षित. मी आधीच सांगितलं असतं तर केव्हाच सुरक्षित झाली असती. मी तिला सांगितलं ते तिच्यासाठी, की माझं मन हलकं व्हावं म्हणून? दुसरं असेल तर ते झालेलं नाही.

१० फेब्रु., सोम

मास्क जमत नाही. नाकावर रबरी वाटी, डोक्याभोवती पट्टे, आणि धावत्या एसटीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढल्यासारखी हवा. सकाळी उठते तेव्हा मास्क जमिनीवर. कधी काढला ते आठवत नाही. यंत्र स्वतःच तास मोजतं. काल एक तास पन्नास मिनिटं. डॉक्टरांना किमान चार हवेत. फोनवर म्हणाले, "बाजूनं हवा गळत असेल. एकदा कुणाला तरी बघायला सांगा."

कुणाला तरी.

१६ फेब्रु., रवि

दुपारी दोनला बेल. रुबिना. हातात डबा.

"गाजर का हलवा है. मशीन किधर है?"

मु.अं.ना दिलेल्या अर्जात यंत्राचं लिहिलं होतं. ते स्टाफरूमला कळायला अर्धा तास पुरतो. तीन वर्षं एका गाडीवर आणि ही माझ्या घरात आज पहिल्यांदा.

"लगाओ. झोपा."

"आत्ता?"

"मग काय रात्री येऊ? सासू सोडेल का मेरेकू?"

"असं कुणी बघत असताना झोप येणार नाही मला."

"बसमध्ये बरी आली होती."

आईच्या कॉटवर मांडी घालून बसली, पिशवीतून तपासायच्या वह्या काढल्या. मी भिंतीकडं तोंड करून पडले. लाल पेनचा आवाज येत होता. नंतर येईना.

उठले तेव्हा सव्वाचार. ती तिथंच. "वरचा पट्टा ढीला आहे. तुम्ही वळलात की इथून फुसफुस. मी दोनदा ओढला, फिर बंद."

"आणि श्वास?"

"चालू होता. पूरा टाइम." पेनचं टोपण लावलं. "आपा, त्या दिवशी बसमध्ये नव्हता. माझ्या खांद्यावर थांबला. मैं गिनने लगी. बाईस तक गयी मैं. जान निकल गयी मेरी. पण बोलले नाही. बड़े लोगांको ऐसा कैसा बोलना?"

मी मास्क पुसून यंत्राशेजारी ठेवला.

"मीपण नाही बोलले ना," ती म्हणाली. "पण गाडीवर नै बैठूंगी. अभी नै. गुस्सा नै है. डर है."

"बरोबर आहे तुझं," म्हणाले. बरोबरच आहे. डबा धुऊन दिला, ती गेली. आईच्या कॉटवरची चादर जिथं दबली होती तिथं तशीच ठेवलीय.

२७ फेब्रु., गुरु

काल शिवरात्र. आयुष्यात पहिल्यांदा जागरण केलं नाही. तसं दरवर्षी आई जागायची आणि मी तिच्याशेजारी बसल्या बसल्या पेंगायचे, सकाळी लाजायचे. काल लिंगपूजा केली, फराळ केला, मास्क लावला. पाच तास चाळीस मिनिटं. अपराधी वाटायला हवं होतं. शोधलं, फारसं सापडलं नाही. हे बरं की वाईट?

६ मार्च, गुरु

सलग सात दिवस सहा तासांच्या वर. बी.पी. खाली. आठवी ब त आता कुणी कुजबुजत नाही, दंगा करतात, मी ओरडते.

एक लिहायला हवं. आधी संध्याकाळी सातपासून डोळे मिटायचे, जेवले की पडले. आता सातला चहा घेते, आणि पुढं केवढी संध्याकाळ आहे. भांडी झाली, वह्या झाल्या, वहिनीला फोन झाला, तरी साडेआठ. इतकी वर्षं मी या घरात अर्धवट झोपेतच होते. एकटं असणं पूर्ण जागेपणी आत्ताच सुरू झालंय. डॉक्टरांच्या फॉर्मवर यासाठी चौकोन नव्हता.

९ मार्च, रवि

डॉक्टरांनी काल गाडीला परवानगी दिली. आज चादर काढली, हवा भरली, एकटीच कुंभारीपर्यंत जाऊन आले. सगळा रस्ता दिसला. मधला भाग होता.

रु. आता पुन्हा बसनं येते, सरांची बदली झाली. उद्या पावणेदहाला ती थांब्यावर असेल. माझा रस्ता तिथूनच. गाडी थांबवणार नाही, ते विचारल्यासारखं होईल, आणि तिला नाही म्हणायला लागेल. न बघता पुढं जाणं तर त्याहून वाईट. हात करायचा, एवढं ठरलं होतं. पण चालत्या गाडीवरून केलेला हात बोलावल्यासारखाच दिसतो.

हळू तर करावीच लागेल, तिथं गतिरोधक आहे.