शाल घेतलीस, गोळ्या घेतल्या नाहीस

प्रिय नयन,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, पण सख्ख्या भावाला दुसरं काय लिहू?

मारेगावच्या चौकात तुझा फ्लेक्स अजून लटकतोय. 'बहिणीस किडनी देणारे नयनभाऊ यांचे हार्दिक अभिनंदन.' तुझ्या दोस्तांनी तो तपासणीच्या आधीच लावला आणि तूही शाल-श्रीफळ घेऊन मोकळा झालास. बाजारात बाया मला विचारतात, भावाची किडनी मानवली का? काय सांगू त्यांना? अजून वणीला डायलिसिसच्या सुया टोचून घेते म्हणून? लहानपणी इंजेक्शन म्हटलं की तू गोठ्यातल्या कुटाराच्या ढिगामागे लपायचास आणि आधी दंड मी पुढे करायची.

नागपूरच्या तपासणीत तुझ्या रक्तात हेपॅटायटिस सी निघाला. त्याचा राग नाही. कुणाच्या ब्लेडनं, कुठल्या सुईनं लागला, देव जाणे. तशीच किडनी बसवली तर तो विषाणू माझ्याही अंगात येईल, एवढं मला कळतं. तू घरी येऊन सांगितलंस की तुझी किडनी घ्यायला डॉक्टरांनी कायमचं 'नाही' म्हटलं. आई तुझ्यासाठी रडली. मीही तुझ्या पाठीवरून हात फिरवला.

परवा त्याच डॉक्टरांनी मला विचारलं, भावाच्या गोळ्या संपल्या का? कसल्या गोळ्या, म्हटलं. तेव्हा समजलं. तीन महिने गोळ्या घ्यायच्या, विषाणू गेला की पुन्हा तपासायचं, यकृत ठीक असेल तर किडनी देता येते. हे सगळं त्यांनी तुला तेव्हाच समजावलं होतं. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. तू दुखण्याचं निमित्त केलंस आणि ते दुखणंही तसंच अंगात ठेवलंस. इतका भित्रा आणि इतका मूर्ख माणूस मी पाहिला नाही.

आता का लिहिते ते वाच. तुझं जमत नाही म्हणून आईनं स्वतःची तपासणी करून घेतली. साठीची बाई, आणि तिची किडनी जुळली. मला म्हणते, "मी देतो. नयनले काही बोलू नको, त्याचं मन त्याले खाऊन राह्यलं." मी तिला अजून खरं सांगितलेलं नाही. तुला द्यायची नसेल तर देऊ नकोस, किडनी काही हक्कानं मागायची वस्तू नाही. गोळ्या मात्र घे, स्वतःसाठी. आणि आईला ऑपरेशनला नेण्याआधी घरी ये. तिच्यासमोर उभा राहून सांग की 'नाही' डॉक्टर म्हणाले नव्हते, तू म्हणालास.

तुझीच,
समीक्षा