शेवटची बावीस मिनिटं

बाबा, तो शेवट तुम्ही शेवटच्या एस.टी.साठी कापला होता की माझ्यासाठी? आठ वर्षं हा प्रश्न मी मनात घेऊन फिरते आहे आणि मला त्याचं उत्तर देता येत नाही. तुम्हाला विचारायची सोय राहिली नाही, कारण शेवट कापला आहे हे मला कळलं तेव्हा तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली होती. आता त्या पिक्चरचा दुसरा भाग येतो आहे. तुम्ही म्हणाला होतात येईल म्हणून. इतका उशीर होईल असं तुम्हालाही वाटलं नसेल.

मुखेडची टॉकीज मला अजून वासासकट आठवते. वर तुमच्या खोलीत पिक्चर दाखवायची दोन मशीनं, तापलेल्या लोखंडाचा वास, भिंतीला टेकवलेल्या रिळांच्या पेट्या आणि खिळ्याला टांगलेला तुमचा शर्ट. खाली सहाचा शो चाललेला आहे. बाजाराच्या दिवशी अर्धी टॉकीज खेड्यापाड्यांतल्या माणसांनी भरलेली असते, आणि त्यांची शेवटची गाडी पावणेनऊला. पिक्चर लांबला की माणसं शेवट टाकून उठतात आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तुम्हालाच गाठून विचारतात, "ऑपरेटर, पुढं काय झालं?" एकदा तर गाडीचा कंडक्टरच दारात येऊन ओरडला होता, "ओ ऑपरेटर, तुमच्या हिरोला म्हणावं लवकर मर, मला गाडी काढायचीय." सगळी टॉकीज हसली होती. म्हणून तुम्ही पिक्चर बसवायचात, तुमचाच शब्द. दोन गाणी काढली की गाडी मिळते. आणि पेटी पुढच्या गावाला निघताना काढलेले तुकडे जागच्या जागी जोडून द्यायचात. रिळाचा एक फूटसुद्धा कधी ठेवून घेतला नाहीत, याचा तुम्हाला अभिमान होता.

आणि मग तो पिक्चर आला, हिंदीत बोलणारा, बाहेरच्या देशातला. त्यात काढायला गाणंच नव्हतं.

मी नऊ वर्षांची होते. रविवार होता, तीनचा शो. तुम्ही मला आणि मायला बाल्कनीत बसवलं, आमच्या घरातलं कुणी बाल्कनीत पहिल्यांदाच बसत होतं. मंगळावरच्या वस्तीला पाणी नेणारं यान, त्यावरचा एक मेकॅनिक, आणि इकडे घरी शाळेत जाणारी त्याची मुलगी. यान भरकटतं, वर्षं जातात, कुणाला आशा राहत नाही. शेवटी एका संध्याकाळी दार वाजतं, मुलगी दार उघडते, आणि तो उभा असतो. दोघं जेवायला बसतात. इथे पडदा पांढरा झाला. मी रडत होते. मायनं पदरानं माझं नाक पुसलं आणि म्हणाली, "आला की गं घरी. आता कामून रडतीस?"

घरी जेवताना तुम्ही म्हणालात, "याचा दुसरा भाग येणार बघ. तवा बी आपण बाल्कनीतच बसू." मी म्हटलं, तो तर घरी आला, आता दुसऱ्या भागात काय राहिलं? तुम्ही कधी रागावत नसायचात, पण त्या दिवशी ताटावरून मान वर न करता म्हणालात, "गप जेव. लई प्रश्न इचारती." मला ते लागलं होतं. म्हणूनच लक्षात राहिलं असेल.

पुढे टॉकीज बंद पडली, तुमची मशीनं भंगारात गेली, आणि तुम्ही आजारी पडलात. नांदेडच्या दवाखान्यातला तो दिवस मी फारसा आठवत नाही. माझी दहावी चालू होती, दुसऱ्या दिवशी विज्ञानाचा पेपर होता. मी म्हटलं, मी जात नाही, पुढच्या वेळी देईन. तुम्ही उशीला टेकून बसला होतात, चांगले बसला होतात. म्हणालात, "जा बाई. पेपर देऊन ये. मी कुठं चाललो?" मी संध्याकाळच्या गाडीनं मुखेडला आले. पेपर सोपा गेला. बाहेर आले तर शाळेच्या फाटकापाशी मामा उभा होता. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं. मायला मी त्या दिवसाबद्दल कधी काही विचारलं नाही, आणि तिनंही आपणहून सांगितलं नाही.

मी नांदेडला बी.एस्सी. केलं, बाबा. घरातली पहिली पदवी. तिथे हॉस्टेलवर एका मैत्रिणीनं विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकणाऱ्या भावाचा लॅपटॉप आणला होता, आणि त्यात तो पिक्चर होता. मी सगळ्यांना गोळा केलं, आमच्या टॉकीजला आला होता म्हणून मिरवलं. मुलगी दार उघडते, दोघं जेवायला बसतात. मी डोळे पुसून उठायला लागले तर मैत्रीण म्हणाली, "बस की, कुठं चाललीस? अजून आहे." पडद्याच्या तळाशी वेळ दाखवणारी रेघ होती. तिच्यात बावीस मिनिटं शिल्लक होती.

त्या दिवशी मला तुमचा राग आला. मी खऱ्याखोट्याच्या बाबतीत कडक आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. आता चाकूरच्या पुढे एका गावात शाळेत विज्ञान शिकवते, आणि अर्धवट सांगितलेलं उत्तर चूकच धरते. गाडी चुकू नये म्हणून कापलं म्हणावं, तर आम्ही तीनच्या शोला होतो, गाडीला हवा तेवढा वेळ होता. माझ्यासाठी कापलं म्हणावं, तर सहाच्या शोसाठी ते कापलेलंच असणार; आमच्या एका शोपुरतं रीळ जोडायचं आणि पुन्हा काढायचं, इतका उपद्व्याप कोण करतं? दोन्ही बाजूंनी विचार करून मी तिथल्या तिथेच येते.

दुसऱ्या भागाची बातमी मी कॉलेजात असल्यापासून वाचते आहे. तारीख ठरायची, पुढे जायची. कधी पैसा अडायचा, कधी दिग्दर्शक आजारी. आता खरंच येतो आहे, तर मला आनंदापेक्षा धाकधूकच जास्त आहे. पहिल्यात किती शांतता होती. यान चालतानाचा बारीक आवाज आणि माणसांचे श्वास. नव्याच्या जाहिरातीत नुसते स्फोट आहेत. ती मुलगी आता मोठी झाली आहे आणि स्वतः यान घेऊन बापाला शोधायला निघते. हे मला फार आवडलं, मी वर्गात मुलींना सांगूनही टाकलं. पण सगळ्यात मोठी काळजी वेगळीच आहे. मेकॅनिक झालेला नट मधल्या वर्षांत वारला. कॉम्प्युटरनं त्याचा चेहरा आणि आवाज तयार करून त्याला पुन्हा बोलायला लावलं आहे म्हणे. मला ते वाचून कसंतरी झालं. गेलेल्या माणसाच्या तोंडी त्यानं न बोललेली वाक्यं घालायची? आणि मग वाटलं, कुणी तुमच्या आवाजात दोन वाक्यं करून दिली तर मी नको म्हणेन का? मी म्हणणार नाही. हे लिहिताना स्वतःचीच थोडी भीती वाटते.

पण खरी अडचण मायची होती. तिच्या लेखी तो माणूस घरी आला आणि जेवला, गोष्ट संपली. गेल्या रविवारी ती भाकरी थापत होती, मी चुलीपाशी बसले होते. म्हणाली, "तुझ्या बाबाच्या पिक्चरचा दुसरा भाग आलाय म्हनं. आपण जाऊ की. पण त्यात आता काय दाखवतेत? आला होता की तो." मग मी सांगितलं की तुम्ही शेवट कापला होता, जेवणानंतर पिक्चर अजून आहे. तिचे हात थांबले नाहीत.

"मग गेला व्हय परत?"

"हाव. त्याच्याबरोबरची माणसं तिकडंच अडकली होती."

"सांगून गेला का?"

"नाही. ती शाळेत असताना गेला."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "लाव मग तेवढं. बघू दे."

"राहू दे माय. तुला कशाला उगीच."

"मला काय होतंय? मी एक शेवट दवाखान्यात बसून बघितलाय. तूच न्हाई बघितला."

बाबा, तिला माहीत नव्हतं की ती दोन्ही शेवटांबद्दल खरं बोलली. हॉस्टेलवर त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून मी खोलीत निघून गेले होते. पुढचं सगळं मला फक्त वाचून माहीत होतं. आठ वर्षं मी लोकांना सांगत आले की मी पूर्ण पिक्चर पाहिला आहे. ती बावीस मिनिटं मी कधीच पाहिली नव्हती, आणि राग मात्र तुमच्यावर धरला होता.

जेवण झाल्यावर मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून आम्ही दोघींनी तो शेवट पाहिला. मुलगी शाळेत जाते. तो उठतो, घरभर फिरतो, कशाला हात लावत नाही. स्वयंपाकघरातला नळ गळत असतो, पिक्चरच्या सुरुवातीपासून गळत असतो. तो दुरुस्त करतो आणि निघून जातो. मुलगी घरी येते, हाक मारते, मग पाणी प्यायला नळापाशी जाते आणि थांबते. थेंबांचा आवाज येत नसतो. बस, एवढंच.

माय म्हणाली, "नळ नीट करून गेला. बरं केलं." मग मी विचारलं. बारा वर्षांनी विचारलं की त्या दिवशी काय झालं. तिनं सांगितलं, सकाळपासून तुम्ही फक्त वेळ विचारत होता. नर्स आली की, "किती वाजले? पेपर सुरू झाला का?" आणि शेवटी, "एक वाजला का? मग सुटला असंल." त्यावर मायनं हाव म्हटलं, तेव्हा एक वाजायला अजून दहा मिनिटं होती. हे तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं.

हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही, माझ्या पाठाच्या वहीतच राहील. दुसरा भाग चांगला असेल की वाईट, मला माहीत नाही. लातूरची तिकिटं काढली आहेत, वरच्या रांगेतली, तिथे बाल्कनी नसते. आमच्या गावाची शेवटची गाडी साडेसातला सुटते. दुपारचाही शो होता, गाडी आरामात मिळाली असती. मी पाचचा घेतला, तो आठनंतर संपतो. लातूरच्या मावशीला फोन करून सांगितलं आहे की आम्ही दोघी मुक्कामाला येतो आहोत.