दोन वास

४ मार्च
लावलं शेवटी. भाचीने वाढदिवसाला दिलेली अत्तराची बाटली, सहा महिने कपाटात पडून होती. एक माणूस घरच्या घरी बनवतो म्हणे, वर्षाला तीनशेच बाटल्या. राळ, ऊद, कसलासा डिंक. आधी नाकात व्हार्निश गेल्यासारखं झालं. तासाभराने अंगाच्या उबेने ते मऊ पडलं. उन्हात तापलेल्या जुन्या लाकडी पेटीत तोंड घालावं, तसं. वाईट नाही.

हौस म्हणून लावलेलं नाही. डिसेंबरात उजव्या स्तनात हाताला लागलेली गाठ आता फुटली आहे. वाहते. घाण येते. चौतीस वर्षं नर्स, त्यातली अकरा मेट्रन — हे काय आहे ते मला कुणी सांगायला नको. कर्करोग. फुटला म्हणजे पुढचं सगळं पाठ आहे.

७ मार्च
वॉर्डात अत्तर लावायचं नाही हा नियम माझाच. उलट्या होणाऱ्या पेशंटना त्रास होतो. किती पोरींना मान धुऊन यायला लावलं! आज मीच दरवळत राउंड घेतला. कुणी ब्र काढला नाही. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजींनी तेवढी चादर नाकावर ओढली.

१२ मार्च
स्टाफरूमच्या दाराशी कानावर आलं — मेट्रनबाई प्रेमात पडल्यात म्हणे. कुणाचं नशीब फुटलं, असं दुसरीने विचारलं आणि खसखस पिकली. मी दार ढकललं तशा सगळ्या चार्ट भरायला लागल्या. एरवी झापलं असतं. आज वाटलं, असू दे. हेच खरं समजू देत.

१३ मार्च
दुपारपर्यंत टिकत नाही. दिवसातून तीनदा लावते. पट्टीही तीनदा बदलते.

२१ मार्च
अंगात कणकण. दाखवायचं म्हणजे माझ्याच वॉर्डात, माझ्याच पोरींसमोर उघडं पडायचं. आणि दाखवून होणार काय?

भाचीचा फोन. आवडलं का आत्या? रोज लावते म्हटलं. केवढी खूश झाली.

२८ मार्च
आता झाकण उघडलं की आधी जखमच आठवते. दोन्ही एकमेकांत शिजलेत. बाटली फेकावीशी वाटते. फेकून कुठे जाणार?

२ एप्रिल
वॉर्डातल्या मावशी — माझ्याहून जुन्या, पट्ट्यांचा कचरा उचलण्यात जन्म गेला — माझ्या मागोमाग चादरींच्या खोलीत आल्या. दार लोटलं.

"बाई, वास दोन येतात."

मी आवाज चढवला. आपलं काम बघा म्हटलं. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"ओरडा हवं तर. पण चला."

उद्या जाईन म्हटलं. उद्या नाही, म्हणाल्या. त्यांनी कोपराला धरून सर्जनकडे चालवत नेलं, मी पेशंटना नेते तसं.

३ एप्रिल
सर्जनने तुकडा काढून तपासायला पाठवला. पट्टी बांधायला नेमकी तीच पोर, गेल्या आठवड्यात रडवलेली. हात हलका आहे तिचा. कधी सांगितलं नव्हतं. आजही नाही सांगितलं.

११ एप्रिल
रिपोर्ट आला. कर्करोग नाही. स्तनाचा क्षय — तेव्हाच दाखवलं असतं तर नुसत्या गोळ्यांवर भागलं असतं. आता आत सगळं पोखरलंय, स्तन काढावा लागेल. सर्जन म्हणाला, "बाई, तुम्ही? तुम्ही थांबलात?"

जगणार आहे मी.