पालथ्या तसबिरी आणि खालचं कापड

मी, चौकातल्या फ्रेमच्या दुकानाची मालकीण, वय पंचावन्न, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, म्हणून अक्षर वाकडं आहे. डोकं सरळ आहे. गुरुवारी ऑपरेशन पोटाचं आहे, डोक्याचं नाही. माझ्यावर कोणी दबाव टाकलेला नाही. टाकणारा अजून जन्मायचा आहे.

कलम पहिले. दुकान आणि वरच्या दोन खोल्या माझा थोरला मुलगा व धाकटी मुलगी या दोघांच्या एकत्र राहतील. मध्ये भिंत घालायची नाही. विकायचं झालं तर दोघांच्या सह्या लागतील, आणि त्या एका टेबलाशी बसून करायच्या.

कलम दुसरे. बँकेत आहे ते दोघांना सारखं. भांडण व्हावं इतकं ते नाही.

कलम तिसरे. काच कापायचा हिरा धाकटीला. तिचा हात माझ्यासारखा आहे, एका ओढीत काच सुटते. करवत आणि ह्यांची हातोडी थोरल्याला.

कलम चौथे. मोठ्या जाऊबाईंना दारामागचा आरसा. कारण पुढे येईल.

कलम पाचवे. हे जरा लांब आहे, पण मृत्युपत्र माझं आहे.

फ्रेम बंद करायची तर ती पालथी घालावी लागते. बाकावर कापड, त्यावर काच, चित्र तिच्यावर, मग पुठ्ठा, आणि कडेने बारीक खिळे. सगळी दुनिया अशीच ठोकते. ह्यांनी मात्र देवाची तसबीर कधी पालथी घातली नाही. गुडघ्यांत उभी धरून, मान वाकडी करून ठोकायचे. वेळ दुप्पट, आणि अंगठा कायम काळानिळा. मी म्हणायची, "अहो, देवाला चक्कर येत नाही." ते म्हणायचे, "तुला काय सांगून गेलाय?" मी आपली शेजारी बसून देव पालथा घालून ठोकत आले. थोरला बापासारखं करायला लागला, धाकटी माझ्यासारखं. दुकान चाललं होतं.

मग हे गेले. भेटायला आलेल्या जाऊबाई पाणी पिऊन म्हणाल्या, "देवाला तोंडावर पाडणाऱ्या घरात दुसरं काय होणार?" थोरल्याने ते मनात धरलं. महिन्याभराने बहिणीला म्हणाला, "तू पालथं घालतेस, म्हणून बाबा गेले." मला तसं म्हणायची त्याची छाती नव्हती. ती म्हणाली, "दादा, बाबांनी जन्मभर उभं धरलं. मग त्यांनाच का नेलं?"

त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. एका बाकावर बसून, "आई, दादाला सांग, पुठ्ठा संपला." "आई, तिला सांग, मला डोळे आहेत." मी गेल्यावर हे निरोप कोण पोचवणार?

थोरल्या, आता नीट वाच. बाबांची छाती सहा वर्षं खराब होती, डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि एवढी वर्षं मी त्यांच्या मांडीला मांडी लावून देव पालथे ठोकले. देव चिडेल असं त्यांना वाटलं असतं, तर बायकोला त्यांनी अडवलं नसतं? एकदाही अडवलं नाही. त्यांना उभं धरावंसं वाटायचं, ते धरायचे. त्यांनी कुणाला भीती घातली नाही. तूही घालू नकोस.

धाकटे, तू फार जिंकलीस असं समजू नकोस. दवाखान्यात ह्यांना आत नेलं तेव्हा मी बाहेर हात जोडले होते. समोर पाण्याचं मशीन होतं, दुसरं काही नव्हतं. हे वाचले नाहीत. पण हात जोडल्यावर मला तिथल्या बाकावर बसून राहता आलं. याला तुझ्या हिशेबात काय म्हणतात, ते तू बघ.

आणि मागे तू विचारलंस, "आई, लग्नाच्या फोटोखाली तू कळकट फडकं घालतेस. देव आला की कपाटातून धुतलेलं काढतेस. तू मानतेस का?" मी म्हटलं, काचेला चरा पडतो. तू म्हणालीस, "लग्नाच्या काचेला पडत नाही?" मी म्हटलं, काम कर. आता उत्तर देते: मला माहीत नाही. धुतलेलं कापड हातात येतं, मला विचारून येत नाही. पण ते काढताना मी कधी घाबरले नाही, एवढं नक्की.

कलम सहावे. माझ्यामागे थोरल्याने हवी ती प्रार्थना करावी. धाकटीने शेजारी उभं राहावं, हसू नये. धाकटीला जे बोलायचं ते तिने बोलावं. थोरल्याने चुकचुकू नये.

कलम सातवे व शेवटचे. माझा फोटो बाहेर फ्रेमला देऊ नये, आपल्याच बाकावर करावा. काच धाकटीने कापावी, खिळे थोरल्याने ठोकावे. फोटो पालथाच घालायचा, मी काही देव नाही. खाली फडकं घालायचं की धुतलेलं कापड, हे मी लिहून ठेवत नाही. ते दोघांनी बोलून ठरवायचं. तिसऱ्याकरवी निरोप चालणार नाही.

साक्षीदार: १) समोरचे चष्मेवाले. वाचून सही केली, मध्येच नाक शिंकरत होते. (सही)
२) वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू शिक्षिका. शुद्धलेखन तपासते म्हणाल्या, मी हात लावू दिला नाही. (सही)

लिहून देणार: फ्रेमवाली (सही)
ठिकाण: दुकानातला बाक. दिनांक एकवीस, सोमवार.