घरजावयाचं बी

२८ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अत्यंत जड अंतःकरणाने कळवते की मी दवाखान्यात असताना घर सांभाळायला आलास आणि चहाचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून गेलास. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन घरी आलेल्या बाईने तो काढावा कसा, यावर सकाळभर चिंतन केलं आणि शेवटी नुसतं गरम पाणी प्यायले. या अपराधाला कुठल्याच दरबारात माफी नाही.

दुसरी बाब किरकोळ. खिडकी उघडली तर मागचं कुरण नव्हतं. शेजारचे सुतारकाका म्हणाले की दादांनी यंत्र बोलावून सगळं भुईसपाट केलं आणि जाताना बोलले, आता जरा माणसांचं घर वाटतंय.

कुरण कापतात ते बी झडल्यावर. कापलेलं उचलून न्यायचं असतं, नाहीतर ते कुजून खत होतं आणि नुसतं गवतच माजतं. तू ऐन फुलात कापलंस आणि तिथेच टाकलंस. मधोमध चंडोलाचं घरटं होतं, पिल्लांसकट. होतं.

आणि आपला घरजावई! ते पिवळं फूल, जे गवताच्या मुळांना चिकटून त्यांचंच खातं. त्याच्यामुळे गवत दबून राहायचं आणि बाकीच्या फुलांना ऊन मिळायचं. त्याचं बी जमिनीत फार टिकत नाही. फुलात असताना कापला की संपला, आणि तो संपला की गवत सगळ्यांना गिळणार. कुंपणाच्या कडेला यंत्र पोचलं नाही, तिथली ओंजळभर बोंडं काय ती वाचली.

लोभ होता. पुढचं बघते.

मिरची

५ जुलै

चि. मिरचीस,
अनेक आशीर्वाद.

डब्याचं चुकलं, कबूल. कुरणाचं मात्र तू उगाच मनाला लावून घेतेस. गवत आहे, परत येईल. घराभोवती एवढं रान, उद्या साप निघाला असता तर मलाच बोलली असतीस. पक्षी दुसरीकडे घर करतील, त्यांना कुठे भाडं भरायचंय?

माझी हिरवळ बघायला ये एकदा. यंदाही कॉलनीच्या हिरवळ-स्पर्धेची ढाल आपल्याकडेच. परीक्षकांनी चपला काढून पाय ठेवला म्हणे. गुडघा बरा होईपर्यंत इथेच राहा, वहिनी तुझी वाट बघतेय.

रागावलीस तरी पत्र टाकत जा.

दादा

२० ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. वहिनीने लाड केले, तू प्रवचनं दिलीस, दोन्ही पचली. डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलं होतं म्हणून तुझ्या हिरवळीवर काठी टेकत फिरले. माळ्याने नुकतीच ती खरवडून काढली होती, त्यामुळे काठीची भोकं पडली असतील. राग मानू नकोस. हिवाळ्यात बुजतील.

तुझ्या हिरवळीचं मी फार मनापासून भलं चिंतते.

मिरची

१० जून

चि. मिरचीस,
अनेक आशीर्वाद.

हिरवळीला काहीतरी झालंय. जागोजागी विरळ पडली आणि मधूनमधून पिवळी फुलं आली आहेत. माळी म्हणतो खत वाढवा, दुकानदार म्हणतो औषध मारा. परीक्षक येऊन गेले, या खेपेला चपला पायातच. ढाल समोरच्या दंतवैद्याकडे गेली. तो रोज खिडकीत ती पुसत बसतो, बत्तिशी दाखवत.

तुला यातलं कळतं म्हणून विचारतो.

दादा

१८ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वाचून इतकं वाईट वाटलं की पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. दंतवैद्याचा भाग तर सुतारकाकांनाही वाचून दाखवला. गवत आहे, परत येईल. तू उगाच मनाला लावून घेतोस.

इकडे कुरणात गवत कमरेपर्यंत. पिवळं एकही नाही. निळी, जांभळी फुलं गवताखाली गुदमरून गेली. भुंगे येतात, एक चक्कर मारतात, जातात. चंडोल फिरकलाच नाही.

वहिनीला नमस्कार. तुला कशाला?

मिरची

२ ऑगस्ट

चि. मिरचीस,
आशीर्वाद, नको असले तरी.

तू काठीने भोकं पाडून खिशातलं काहीतरी टाकत होतीस, हे वहिनीने स्वयंपाकघरातून पाहिलं होतं. मला वाटलं, गुडघ्याबरोबर डोकंही उघडलं की काय डॉक्टरांनी. फुलं आली तेव्हा उलगडा झाला. तरी मुद्दाम तुला विचारलं, म्हटलं कबूल करतेस का बघू.

फुलात कापला की संपतो, हे तूच लिहिलं होतंस. यंत्र बाहेर काढलंही. पण एका फुलावर भुंगा बसला होता, तो हलेना. मी थांबलो, तर दुसरा आला. मग यंत्र परत ठेवलं. हल्ली सकाळी तिथेच खुर्ची टाकून बसतो. तुझ्या त्या घरट्यावर यंत्र कसं फिरलं असेल, ते डोळ्यांसमोरून जात नाही.

एक सांग, ओंजळभरच बी होतं ना? सगळं माझ्याकडे ओतलंस? स्वतःला चिमूटभरही ठेवलं नाहीस? अगं, इतका कसला राग! बोंडं वाळली आहेत, हलवली की वाजतात. झडायच्या आत ये. विळा आण, यंत्राला मी हात लावणार नाही.

दादा

१५ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्याकडून कापून आणलेलं बोंडांसकट सगळं गवत कुरणात पसरलं. आधी गवत कापून उचललं, माती उघडी केली. सुतारकाकांनी मदत केली आणि कारण विचारलं नाही.

चिमूटभर बी ठेवायला हवं होतं, हे मला पोचवायला येताना रस्ताभर तू तीनदा बोललास. चौथ्यांदा लिहू नकोस. तुझ्या हिरवळीच्या कोपऱ्यातली एक पट्टी मी मुद्दाम कापली नाही. त्यात नाकतोडे आहेत, त्यांना त्रास देऊ नकोस. माफ केलं असा अर्थ काढू नकोस. चंडोल परत आला तर तेव्हा बघू.

गवत बांधायला वहिनीच्या दोन चादरी आणल्या होत्या, त्या सोबत पाठवते. धुतल्या आहेत. एक कुंपणाला अडकून फाटली होती, ती रफू केली आहे.

मिरची