संजूला सांगायचं राहिलं

मोताळा, सोमवार, दिवेलागणीची वेळ

ताकाला गेलो आणि भांडं लपवून आज सकाळी परत आलो. संजूच्या आईची गाठ वाईट निघाली, एवढंच त्याला सांगायचं होतं. फोनवर नको असं मीच म्हणालो, म्हणून मुंबईला गेलो.

संजू तिथं लोकांना जुन्या इमारती पायी फिरून दाखवतो. काल मलाही नेलं. बंद छत्री वर धरून तो पुढं, आम्ही दहा-पंधरा माणसं मागं. कमानी, घुमट, दगडात कोरलेली माकडं. सगळं पाहिलं, पण आत काही पोचलं नाही. उगीच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "एवढ्या उंच चढून हे धुते कोण?" लोक हसले. संजू त्यांना म्हणाला, "हे माझे बाबा. हा सवाल आजवर कोणीच केला नव्हता." काय फुलला होता पोरगा. मग कसं सांगायचं? जेवल्यावर सांगू म्हटलं, मग स्टेशनवर सांगू म्हटलं... गाडी सुटली तरी ती वर धरलेली छत्रीच डोळ्यांपुढं.

घरात पाय ठेवताच हिनं विचारलं, "सांगतलं का पोराले?"

"नाही."

"राहू द्या, मीच सांगतो." लगेच हिनं फोन लावला. काय जेवला, पाय दुखतात का, एवढंच विचारलं आणि ठेवून दिला.

मग म्हणाली, "डॉक्टरले म्हणा, ऑपरेशन सोमवारी नका ठेवू. सोमवारी त्याले सुट्टी राह्यते, फोन करते तो."